पंखा बदलला तरी संगणकाचा आवाज जात नाही? खरेदीआधी हे क्रमाने तपासा

ओळखीतल्या लोकांचे संगणक बघून देताना एक प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो: "पंखा फार आवाज करतोय, कोणता चांगला घेऊ?" माझं उत्तर आता ठरलेलं आहे. आत्ता काहीच घेऊ नका, आधी आवाज कसला येतोय ते सांगा. महागातला नवा पंखा बसवूनही दुसऱ्या दिवशी तोच आवाज हजर, असं मी इतक्यांदा पाहिलंय की पंख्यांची तुलना मी सगळ्यात शेवटी करतो. ती कशी करायची तेही खाली आहे, पण आपल्या जागी.

लक्षणं

खोलीतला आवाज कमीत कमी असेल अशा वेळी संगणक सुरू करा आणि रोजच्या खुर्चीत बसून ऐका. यातलं काय जुळतंय ते बघा:

– एखादं पान उघडलं, फाइल उघडली की आवाज दोन-चार सेकंद सुसाट चढतो आणि परत बसतो.
– चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकसारखा, पूर्ण वेगाचा आवाज. काम असो वा नसो.
– टिकटिक, खरखर. पंखा वेग घेतो तशी टिकटिकही जलद होते.
– खोल घूंऽऽ असा आवाज, जो कॅबिनेटवर तळहात दाबला की कमी होतो.
– "वाँव… वाँव…" अशी लाटेसारखी चढ-उतार करणारी गुणगुण. हिचा त्रास सगळ्यात जास्त होतो, कारण कान तिला सरावतच नाही.
– हवेचा सुसाट किंवा शिट्टीसारखा आवाज.
– थंड संगणक सुरू करताना घरघर, करकर. दहा मिनिटांनी बरीच कमी.
– बारीक चिरचिर, जी पंख्याच्या वेगाबरोबर बदलत नाही पण गेमच्या मेन्यूत गेलं की वाढते. ही बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) कॉइलची, म्हणजे तारेच्या गुंडाळीची असते. तिला पंखा जबाबदार नाही आणि पंखा बदलून ती जाणारही नाही.
– लिक्विड कूलर असेल तर पाणी गुळगुळल्याचा आवाज.

आधी नुसतं ऐका

जाड कागदाची नळी करा, एक टोक कानाला, दुसरं टोक जाळीजवळ. मागचा पंखा, वरचा, पुढचे, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, सगळीकडे फिरवा. बाजूचं झाकण उघडं असेल तर नळी पात्यांपासून दूर ठेवा आणि केस, बाही सांभाळा. मग बायोसमधून (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांतून) किंवा मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधून कॅबिनेटचे पंखे एकेक करून थांबवा. अर्ध्या मिनिटात कळतं की कोणता थांबल्यावर आवाज गेला. प्रोसेसरचा पंखा मात्र काही सेकंदांपलीकडे थांबवू नका.

ही पायरी फुकट आहे, म्हणून तर लोक ती टाळतात. आवाज "पुढून" येतोय असं वाटून पुढचे तिन्ही पंखे बदललेले आणि घूं घूं करत होती तळाशी बसवलेली हार्ड डिस्क, हा प्रकार मी स्वतः निस्तरलाय. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि पत्र्यातून तोच स्वर ऐकू येतो.

वायर, जाळी, जागा

टिकटिक असेल तर दहातल्या बहुतेक वेळा एखादी वायर पात्याला चाटत असते. संगणक बंद करा, मागची मुख्य वायर काढा, झाकण उघडा, पंखा बोटाने सावकाश फिरवा. अडतंय का बघा, वायर पट्टीने बांधा. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांत खालून येणारी पुढच्या पॅनेलची वायर घुसते, तिकडेही बघा.

कॅबिनेट भिंतीला चिकटून किंवा टेबलाच्या बंद खणात असेल तर बाहेर गेलेली गरम हवाच परत आत येते. मागे वीतभर जागा सोडा. तळाची जाळी गालिच्यावर टेकली असेल तर ती बुजलेली आहे असंच धरा.

फॅन कर्व्ह: बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो

फॅन कर्व्ह म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल हे ठरवणारी रेषा. पण आधी पंख्याच्या कनेक्टरच्या पिना मोजा. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेवरून साधारण २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम इशारा वेग ठरवतो. तीन पिनांचा पंखा बसवलेला हेडर (मदरबोर्डवर पंख्याची वायर जिथे लागते ती जागा) बायोसमध्ये पीडब्ल्यूएम मोडवर असेल तर तो पंखा आयुष्यभर पूर्ण वेगाने फिरणार. "चालू केल्यापासून एकसारखा आवाज" या तक्रारीचं कारण कितीदा तरी एवढंच निघतं. मोड बदलून डीसी, म्हणजे व्होल्टेजने वेग ठरवणारा, करा, झालं. उलटही होतं: चार पिनांच्या पंख्याला डीसी मोडवर कमी व्होल्टेज दिलं की काही पंखे कुरकुरतात, काही सुरूच होत नाहीत.

आता चढ-उतार. हल्लीचा प्रोसेसर एखादं काम आलं की क्षणात वेग वाढवतो आणि त्याचं तापमान सेकंदभरात १५-२० अंशांनी उडी मारतं. पण त्याच्यावरचा हीटसिंक हा धातूचा मोठा गोळा आहे, तो इतक्या लवकर तापत नाही. म्हणजे पंखा ज्या उष्णतेमागे धावतोय ती अजून त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. तो सुसाट फिरतो, काही उपयोग होत नाही, काम संपतं, तो खाली येतो. दिवसभर हेच.

उपाय दोन. पहिला, कर्व्ह सपाट करा: ६० ते ६५ अंशांपर्यंत एकच शांत वेग, तिथून पुढे हळूहळू चढण. दुसरा, वेग बदलायला लागणारा वेळ वाढवा. बायोसमध्ये ही सेटिंग वेगवेगळ्या नावांनी असते. मी वाढायला ३ ते ५ सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त ठेवतो. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला जोडलेले असतील तर जमल्यास मदरबोर्डच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला जोडा.

"पण मग तापमान वाढेल ना?" हमखास विचारतात. थोडं वाढेल. रायझन ७००० मालिकेच्या बहुतेक प्रोसेसरांना एएमडीने ९५ अंशांची मर्यादा दिलेली आहे. जड कामात ७८ च्या जागी ८२ झाले म्हणून काही बिघडत नाही. काही न करताच ८० दिसत असेल तर मात्र कर्व्हला हात लावू नका, पुढच्या पायऱ्या बघा.

आणि वेग थोडासाच उतरवला तरी फायदा मोठा होतो. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर हवाही साधारण २० टक्क्यांनीच कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला तर ढोबळमानाने १५ डेसिबल. १० डेसिबलचा फरक माणसाच्या कानाला जवळजवळ निम्म्यासारखा वाटतो. म्हणून वरच्या टोकाचे ३०० आरपीएम सोडून देणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त नवा पंखा आहे.

वाँव-वाँव: दोन पंख्यांचं भांडण

याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण याच्यापायी लोक उगाच चांगले पंखे परत करतात.

९ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमने फिरला की सेकंदाला २० फेरे होतात आणि २० गुणिले ९ म्हणजे १८० वेळा पातं फ्रेमच्या खांबासमोरून जातं. तो झाला त्याचा १८० हर्ट्झचा स्वर. शेजारी तसाच पंखा १२२० वर फिरत असेल तर त्याचा स्वर १८३. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पूर्ण जुळल्या नाहीत की जी लाट ऐकू येते, तीच इथे सेकंदाला तीन वेळा उठते. दोन्ही पंखे निर्दोष, दोन्ही एकेकटे शांत. एकत्र आले की डोकं उठवतात.

एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले पंखे घेतले तरी हे टळत नाही. एकच इशारा मिळूनही प्रत्येक पंख्याचा वेग थोडा वेगळा पडतो. कागदोपत्रीच बरेचदा १० टक्के इकडेतिकडे चालेल असं लिहिलेलं असतं. स्प्लिटर (एकाच हेडरवर जास्त पंखे जोडणारी वायर) लावलात तर बायोसला एकाच पंख्याचा वेग दिसतो, त्यामुळे "दोन्ही सारखेच तर फिरताहेत" असा गैरसमजही होतो.

तपासायला सोपं आहे. दोन्हीपैकी एक थांबवा. लाट लगेच गेली तर निदान झालं. मग दोन्ही वेगवेगळ्या हेडरवर लावा आणि वेगांत १५० ते २०० आरपीएमचं अंतर ठेवा. स्वर इतके लांब जातात की लाट ऐकूच येत नाही.

कंप

तळहात दाबल्यावर आवाज कमी झाला तर पत्रा गातोय. पंख्याचे चारही स्क्रू घट्ट आहेत का बघा, पण प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये ते स्वतःच आटे पाडत जातात, म्हणून जोर लावू नका. एकदा आटे गेले की तो स्क्रू पुन्हा धरत नाही. पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचे वॉशर किंवा स्क्रूऐवजी रबरी पिना घाला. सैल झाकण, सैल जाळी, काचेच्या झाकणाचे हरवलेले रबर हेही बघा.

यातलाच एक प्रकार म्हणजे ठरावीक वेगालाच येणारा आवाज. ९०० ला शांत, १००० ला घूं, ११०० ला परत शांत. त्या वेगाला पंख्याची थरथर पत्र्याच्या स्वतःच्या कंपाशी जुळते. पंखा शून्यापासून कमाल वेगापर्यंत ५०-५० च्या टप्प्यांनी चढवा, वाईट पट्टे कागदावर लिहा आणि कर्व्हमध्ये तिथे न थांबता उडी मारा.

धूळ आणि अडथळा

धूळ झटकताना एक गोष्ट पाळा: पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरवायला मजा येते, पण तो ठरवलेल्या वेगापलीकडे जातो, बेअरिंगला मार बसतो आणि मोटार उलटी वीज तयार करते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. फिल्टरची जाळी धुता येते, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

शिट्टी किंवा सुसाट हवेचा आवाज असेल तर पुढचं पॅनेल पूर्ण काढून अर्धा तास वापरा. आवाज बदलला, शिवाय तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष पॅनेलचा आहे. बंद काचेचं किंवा सपाट पत्र्याचं पॅनेल पंख्याच्या तोंडासमोर बोटभर अंतरावर असेल तर कोणताही पंखा तिथे ओरडणारच. आत येणारी हवा जितकी गढूळ, म्हणजे कोपऱ्यांवर आपटून भोवरे करत येते, तितका पात्यांचा आवाज वाढतो.

पंख्याची दिशाही बघून घ्या. नेहमीच्या पंख्यात मधल्या मोटारीला धरणारे खांब ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते. पुढचा आत आणि मागचा बाहेर हवा टाकतोय ना?

बेअरिंग

सुरू करताना घरघर आणि मग कमी, हे घासलेल्या बेअरिंगचं लक्षण. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण वर्षांनुवर्षं वाळत जातं, आणि पंखा आडवा म्हणजे छताला किंवा तळाला बसवला असेल तर ते लवकर संपतं. मधलं स्टिकर उचलून हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब टाकला तर काही आठवडे, क्वचित काही महिने शांतता मिळते. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. तो आहे तेवढं वंगणही धुऊन नेतो. बंद बेअरिंगचे पंखे उघडायच्या फंदात पडू नका. माझ्या मते घरघर लागली की तेल हा नवा पंखा येईपर्यंतचा उपाय आहे.

प्रोसेसर रिकामा असतानाही तापत असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप, बदलायची वेळ आली आहे. कूलर उचलताना ओढू नका. संगणक थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये सरळ ओढल्यास प्रोसेसरच कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

इथवर येऊनही पंखा घ्यायचाच असेल

खोक्यावरच्या आकड्यांवरून तुलना करू नका, किंवा केलीत तर ते कसे मोजलेत ते समजून करा. नॉक्चुआ कंपनीचा २०१८ साली आलेला एनएफ-ए१२एक्स२५ घ्या: २००० आरपीएम, ताशी १०२.१ घनमीटर हवा, २.३४ मिलिमीटर पाण्याइतका दाब, २२.६ डेसिबल. चांगल्या पंख्याचे चांगले आकडे. पण ती हवा समोर काहीच अडथळा नसतानाची, आणि तो दाब तोंड पूर्ण बंद असतानाचा. कोणत्याही पंख्याला दोन्ही एकदम मिळत नाहीत. तुमच्या जाळीसमोर तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चालणार. रेडिएटर (लिक्विड कूलरची पाणी थंड करणारी जाळी) किंवा दाट हीटसिंकवर लावायचा असेल तर दाब बघा, मोकळ्या जाळीवर हवा बघा.

डेसिबलचा आकडा त्याहून फसवा. त्यात माणसाच्या कानाप्रमाणे दुरुस्ती केलेली असते आणि १०० हर्ट्झच्या खर्ज स्वरातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात. म्हणजे रात्री जी घूं घूं छळते, ती या आकड्यात जवळपास नाहीच. २० डेसिबलचा सुसाट हवेचा आवाज मला चालतो. २० डेसिबलची गुणगुण चालत नाही.

मी तुलना अशी करतो. दोन्ही पंखे आळीपाळीने एकाच जागी, त्याच जाळीवर बसवतो. खुर्चीत बसून प्रत्येकाचा वेग असा लावतो की दोन्हींचा आवाज सारखाच मोठा वाटेल, मग आरपीएम काही का असेना. त्या वेगावर अर्धा तास एकच जड काम चालवतो आणि तापमानातून खोलीचं तापमान वजा करतो. जो कमी तो जिंकला. सारख्या आरपीएमवर तुलना करणं अर्थहीन आहे, कारण एक १२०० ला कुजबुजतो आणि दुसरा ८०० लाच गुणगुणतो.

जागा असेल तर १२० मिलिमीटरऐवजी १४० घ्या. क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं आणि तीच हवा कमी वेगात मिळते. फँटेक्सच्या टी३० सारखे ३० मिलिमीटर जाडीचे पंखे दमदार आहेत, पण नेहमीची जाडी २५ असते. रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड आड येतंय का ते आधी मोजा.

आता दिसणं. रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू सुंदर असावी असं वाटणं अगदी रास्त आहे, फक्त त्याची किंमत कुठे मोजतोय ते माहीत हवं. फ्रेमभोवती रुंद प्रकाशाचं कडं किंवा आरशाची चौकट असलेल्या पंख्यात पात्यांना जागा कमी उरते. काचेच्या बाजूने पाठ दिसू नये म्हणून उलट्या पात्यांचे पंखे मिळतात; तळाला किंवा बाजूला आत हवा घ्यायला ते छान दिसतात, पण त्याच मालिकेतल्या सुलट पंख्याशी वरच्या पद्धतीने ताडून बघा, बरोबरी गृहीत धरू नका. नुसता काळा किंवा पांढरा रंग हवा असेल तर काहीच गमवावं लागत नाही.

दिव्यांची वायर लावताना थांबून बघा. एआरजीबीचे (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारे) दिवे ५ व्होल्टचे असतात, तीन पिनांचे. साधे आरजीबी १२ व्होल्टचे, चार पिनांचे. पाचचे दिवे बारावर लावले की त्याच क्षणी जळतात. आणि एका फॅन हेडरची मर्यादा बहुतेक मदरबोर्डवर १ अँपिअर असते. स्प्लिटरवर चार-पाच पंखे टांगण्याआधी त्यांच्या अँपिअरची बेरीज करा.

कुठे हात थांबवायचा

एसएमपीएसच्या आतून घरघर येत असेल तर तो उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या पुढचा दाब काही काळ राहू शकतो आणि तो जीवघेणा आहे. वॉरंटी असेल तर परत पाठवा, नसेल तर पूर्ण एसएमपीएस बदलून घ्या. पंखा बदलून बघतो, हा विचार इथे नको.

जळका वास, वितळलेला कनेक्टर किंवा आपोआप बंद पडणारा संगणक असेल तर पुन्हा सुरू करून "बघू" नका. मुख्य वायर काढा आणि तंत्रज्ञाकडे न्या.

लिक्विड कूलरमधली गुळगुळ बरेचदा हवेच्या बुडबुड्याची असते. हवा सगळ्यात उंच जागी जाते, म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. ते तसं करूनही पंप खडखडत असेल, किंवा नळीच्या तोंडाशी ओल दिसली, तर लगेच बंद करा. बंद संचाचा कूलर घरी भरायचा नसतो.

ग्राफिक्स कार्डाचे पंखे बाहेरून साफ करा, पण वॉरंटी चालू असताना स्क्रू काढण्याआधी तिच्या अटी वाचा. आणि लॅपटॉपचा पंखा घरघरत असेल, त्याबरोबर टचपॅड वर आल्यासारखा किंवा बूड फुगल्यासारखं वाटत असेल, तर प्रश्न पंख्याचा राहिलेला नाही. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टोचू किंवा दाबू नका आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला द्या.